मदत हवी आहे: १२९८ सीसी पेट्रोल इंजिनाला टर्बो, हवेचा हिशोब जुळत नाही

धागाकर्ता: कॉलेजच्या डायनोवर (पॉवर मोजायचं यंत्र) चालवायचं इंजिन, चार सिलिंडर. बूस्ट (टर्बोने दिलेला, वातावरणापेक्षा जादा दाब) ०.५ बार, ६००० आरपीएम, व्हीई (सिलिंडर प्रत्यक्षात हवेने किती भरतो ते) ८५ टक्के, इंटरकूलरनंतर (टर्बोतून आलेली गरम हवा तो थंड करतो) हवा ५५ अंश. मिनिटाला १०.६ किलो हवा येते, म्हणजे दोनशेच्या वर हॉर्सपॉवर. पटत नाही. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुना टर्बो बघायला जायच्या आधी कुणी तपासून देईल का?

मॅनिफोल्ड: आरपीएमला दोनने भागायचं राहिलंय. फोर स्ट्रोकमध्ये सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच हवा ओढतो. १.२९८ × ३००० × ०.८५ = ३३१० लिटर, म्हणजे ३.३१ घनमीटर. घनता तुम्ही बरोबर काढली आहे: दाब निरपेक्ष (१.५१३ बार), तापमान केल्विनमध्ये (३२८), १५१३०० ÷ (२८७ × ३२८) = १.६१. हवा ५.३ किलो, मॅपवर (टर्बोच्या कंप्रेसरचा आलेख) ११.७ पौंड प्रति मिनिट. पौंडाला ९ हॉर्सपॉवर धरा, साधारण १०५.

प्रेशर रेशो (कंप्रेसरमधून निघणाऱ्या आणि त्यात शिरणाऱ्या हवेच्या दाबांचं गुणोत्तर) मात्र १.५ घेऊ नका. इंटरकूलरमध्ये ०.०७ बार जातो, फिल्टरमध्ये ०.०३. (१.५१३ + ०.०७) ÷ (१.०१३ − ०.०३) = १.६१. मॅपवर हाच बिंदू लावा.

गिअरबॉक्स: एवढ्यावर टर्बो निवडू नका, खालचा बिंदूही हवा. २५०० आरपीएमला तेवढ्याच बूस्टवर फक्त ४.९ पौंड हवा जाते. तो बिंदू सर्ज रेषेच्या (मॅपवरची डावी हद्द) डावीकडे पडला तर टर्बो मोठा आहे. हवा उलटी धडकून थ्रस्ट बेअरिंग लवकर जातं. लोक नेहमी रेडलाइन (कमाल आरपीएम) बघतात आणि इथे फसतात.

इंजेक्टरही तपासा. ११.८ च्या मिश्रणाला (एक भाग पेट्रोलला ११.८ भाग हवा) मिनिटाला ४५० ग्रॅम पेट्रोल, प्रत्येकी १५२ सीसी. ८० टक्के ड्यूटीला (इंजेक्टर ८० टक्के वेळ उघडा) किमान १९० सीसी प्रति मिनिटचे लागतील.

धागाकर्ता: आभार! मुंबईच्या दमट हवेसाठी काही वजा करायचं का?

मॅनिफोल्ड: ३० अंशाला ८० टक्के आर्द्रता असेल तर वाफेचा दाब ०.०३४ बार, म्हणजे ऑक्सिजन सुमारे ३ टक्के कमी. पॉवरमधून तेवढे वजा करा, टर्बोच्या निवडीला फरक पडत नाही.

गिअरबॉक्स: कुर्ल्यात जुने टर्बो बहुतेक डिझेल गाड्यांचे मिळतील. मॅप जुळला तरी टर्बाइनची (एक्झॉस्टने फिरणारी) बाजू विचारा: पेट्रोलचा एक्झॉस्ट ९५० अंशांपर्यंत जातो, डिझेलचा बराच थंड असतो. डिझेलच्या हाउसिंगला फुल लोडवर तडे जातात. शाफ्ट हाताने पुढेमागे ओढून बघा. तशी ढील जाणवली तर घेऊ नका. आणि प्लेटवरचा पार्ट नंबर नसेल तर मॅप शोधणार कुठून?