युद्धखेळांच्या धातूच्या पुतळ्यांत फेरफार आणि रंगकाम : सल्ला हवा आहे

नवशिका :
नमस्कार. टेबलावर खेळल्या जाणाऱ्या अद्भुतरम्य युद्धखेळांचे सुमारे चाळीस धातूचे पुतळे मला एका परिचित खेळाडूने छंद सोडताना दिले. काही २५ मिलिमीटर मापाचे जुने आहेत, तर बाकीचे २८ मिलिमीटरचे आहेत. त्यांतील तीन बुटके सरदार एकाच साच्यातून निघालेले आहेत आणि तिघांच्याही हातात तोच भाला आहे. पटावर ते वेगळे ओळखू यावेत, म्हणून एकाच्या हातात उगारलेली कुऱ्हाड द्यावी, दुसऱ्याचे डोके बदलावे आणि तिसऱ्याच्या खांद्यावर केसाळ कातड्याचा झगा घालावा, असे मनात आहे.

पहिला प्रयत्न फसला, हे आधीच सांगतो. मनगट कापून नवा हात झटपट चिकटणाऱ्या गोंदाने बसवला, तो दोन वेळा गळून पडला. शिवाय रंग थेट धातूवर दिल्यामुळे दुसऱ्या दिवशी तो नखाने पापुद्र्यासारखा निघाला. तेव्हा सांधा टिकाऊ कसा करावा, झग्यासाठी कोणती पुट्टी घ्यावी, आधीच्या मालकाने दिलेला जाड रंग कसा काढावा आणि नवा रंग कोणत्या क्रमाने द्यावा, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

बारीक कानस :
आपला गोंद वाईट नाही, त्याला जे काम दिले ते त्याचे नव्हे. सायनोॲक्रिलेट जातीचा गोंद सरळ ओढीला चांगला तग धरतो, पण वाळल्यावर ठिसूळ होतो आणि आडव्या धक्क्याला दगा देतो. धातूचा हात वजनाने जड असतो, त्यामुळे पुतळा आडवा पडला की सगळा धक्का मनगटाएवढ्या त्या इवल्याशा पृष्ठभागावर येतो. म्हणून धातूच्या पुतळ्यात भार खिळीने, म्हणजे दोन्ही भागांत भोक पाडून आत घातलेल्या तारेच्या तुकड्याने, पेलायचा आणि गोंदाने फक्त खिळी जागेवर धरून ठेवायची, एवढे पक्के ठरवूनच करवत हातात घ्यावी.

खिळीसाठी पितळी तार उत्तम. धड, खांदा आणि मान यांसाठी ०.८ ते १ मिलिमीटर जाडीची, तर मनगटासाठी ०.५ मिलिमीटरची तार पुरते. कागद अडकवायच्या पोलादी टाचणीनेही काम भागते, मात्र ती कापताना पक्कड बोथट होते. भोक हाताने फिरवायच्या छोट्या ड्रिलनेच पाडावे, कारण विजेच्या ड्रिलच्या वेगाने हा मऊ धातू तापतो, पात्याला चिकटतो आणि पाते आत तुटते. आत तुटलेले पाते बाहेर काढण्याइतके वैतागाचे काम या छंदात दुसरे नाही. आधी सुईच्या टोकाने खूण खोचावी, पात्याला थोडे मेण लावावे, दोनतीन वेढ्यांनंतर पाते बाहेर काढून कीस झटकावा आणि निदान ३ मिलिमीटर खोल जावे.

खरी अडचण दुसऱ्या बाजूचे भोक नेमके समोर येण्याची असते. पहिल्या भोकात खिळी बसवून ती जेमतेम अर्धा मिलिमीटर बाहेर ठेवावी, तिच्या टोकाला ओल्या रंगाचा ठिपका लावावा आणि दुसरा भाग हव्या त्या कोनात हलकेच टेकवावा. जिथे ठिपका उमटेल तिथे भोक पाडावे. मग ती खिळी काढून पूर्ण लांबीची घालावी. दुसरे भोक किंचित मोठे ठेवले तर कोन जुळवायला वाव मिळतो, आणि तिथे झटपट गोंदाऐवजी दोन भाग मिसळून वापरायचा एपॉक्सी गोंद घेतला तर उरलेली पोकळीही भरून निघते.

कापण्याविषयीही थोडे सांगतो. मनगटाची जागा कापायला सर्वांत सोयीची वाटते, पण बहुतेक वेळा ती सर्वांत वाईट असते, कारण तिथे खिळीला पुरेसे मांस नसते. बाहीची कड, पट्टा, खांद्याचे चिलखत अशी नैसर्गिक रेघ शोधून तिथे सोनारकामातल्या बारीक करवतीने कापावे. सांधाही झाकला जातो आणि खिळीही जाड ठिकाणी बसते. कातरपक्कड वापरू नये, ती धातू कापण्याआधी चेपते आणि दोन्हीकडचे नक्षीकाम बिघडते.

जुना साचा :
वरील सल्ल्याशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु मोठ्या सांध्यांसाठी डाख देण्याचा, म्हणजे वितळलेल्या मिश्रधातूने (सोल्डरने) भाग जोडण्याचा, मार्गही सांगायला हवा. सुमारे ७० अंश सेल्सियसला वितळणारा डाख मिळतो आणि धातूच्या रेल्वेप्रतिकृती करणारे लोक तो नेहमी वापरतात. शुद्ध कथील २३२ अंशांना वितळते, कथील-शिशाची काही मिश्रणे १८३ अंशांनाच वितळू लागतात. त्यामुळे तापमान नियंत्रित करता येणारी डाखाची इस्त्री (सोल्डरिंग आयर्न) कमी अंशांवर ठेवली तर पुतळा न वितळता सांधा एकजीव होतो. पितळी भागावर हा डाख नीट धरत नाही, म्हणून पितळेवर आधी साध्या डाखाचा पातळ थर चढवावा. अशा डाखात शिसे आणि कधीकधी कॅडमियम असते, त्यामुळे हवा खेळती ठेवूनच हे काम करावे.

शिशावरून आठवले, आपल्या संग्रहातील २५ मिलिमीटरचे पुतळे जपून हाताळावेत. पूर्वी या पुतळ्यांच्या धातूत शिसे सर्रास असे. १९९० च्या दशकात उत्पादक त्यापासून दूर जाऊ लागले आणि राल पार्था या अमेरिकी कंपनीने १९९३ साली शिसेविरहित मिश्रधातू वापरायला सुरुवात केली. पुतळ्याची कड पांढऱ्या कागदावर ओढल्यास पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटली आणि धातू नखाला मऊ लागला, तर त्यात शिसे आहे असे समजून वागावे. असा पुतळा कोरडा घासू नये. कानस आणि पुतळा ओले ठेवून कीस ओल्या कागदाने टिपावा, काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत आणि कुंचल्याला टोक आणण्यासाठी तो ओठांत धरायची सवय असेल तर ती सोडावी. जुन्या पुतळ्यावर पांढरी भुकटी दिसल्यास तो शिशाचा क्षय असतो. लाकडातून निघणाऱ्या आम्लयुक्त वाफांनी तो बळावतो, म्हणून असे पुतळे लाकडी कपाटात बंद करून ठेवू नयेत.

बारीक कानस :
डाखाबद्दलचे म्हणणे मान्य आहे, पण नवशिक्याला तो सुचवताना माझा हात अडखळतो. इस्त्री क्षणभर जास्त टेकली तर बुटक्याची दाढी थेंब होऊन खाली येते आणि ती परत येत नाही. खिळी चुकली तर भोक बुजवून पुन्हा पाडता येते. डाख शिकायचाच असेल तर साच्यातून आलेल्या टाकाऊ तुकड्यांवर शिकावा.

हिरवी बोटं :
झग्याबद्दल सांगतो. निळ्या आणि पिवळ्या पट्ट्यांची, मिसळल्यावर हिरवी होणारी एपॉक्सी पुट्टी घ्यावी, ती ग्रीन स्टफ या नावाने सर्वत्र ओळखली जाते. दोन्ही पट्ट्या जोडून आल्या असतील तर मधली, एकमेकींना टेकलेली रेघ कापून फेकून द्यावी. ती आधीच कडक झालेली असते आणि पुट्टीत तिच्या गुठळ्या राहतात. समान भाग घेऊन रंगाची एकही शीर दिसेनाशी होईपर्यंत मळावे. पिवळा भाग जास्त घेतला तर पुट्टी मऊ आणि लवचीक राहते, निळा जास्त घेतला तर टणक होते.

ताजी मळलेली पुट्टी फार चिकट असते. ती धातूला चिकटवायची असेल तर हाच गुण कामाचा, परंतु केस कोरायचे असतील तर अर्धा तास थांबावे. साधारण तासभर ती कोरण्याजोगी राहते आणि रात्रभरात पुरती घट्ट होते. अवजार कायम ओले ठेवावे किंवा त्याला पेट्रोलियम जेलीचा नकळत हात द्यावा.

नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे झगा एका बैठकीत पुरा करणे. एक बाजू कोरताना दुसऱ्या बाजूवर बोट पडते आणि तासाभराचे काम सपाट होते. पहिल्या दिवशी फक्त झग्याचा घाट, म्हणजे खांद्यावरून पाठीकडे येणाऱ्या मोठ्या घड्या बसवाव्यात आणि घट्ट होऊ द्याव्यात. दुसऱ्या दिवशी त्यावर पातळ थर देऊन खालच्या कडेपासून वरच्या दिशेने केसांचे झुबके कोरत जावे, म्हणजे कौलांसारखा वरचा झुबका खालच्यावर येतो. प्रत्येक झुबका किंचित वेगळ्या दिशेला वळवला नाही तर कातड्याऐवजी केरसुणी दिसते. माझे पहिले तीन झगे तसेच झाले होते.

कुऱ्हाडीचे पाते मात्र या पुट्टीचे करू नये. ती रबरासारखी असते, घासली तर तंतू निघतात. धारदार कड हवी असल्यास मिलिपुट नावाची दुसरी एपॉक्सी पुट्टी घ्यावी, जी पाण्याने गुळगुळीत होते आणि घट्ट झाल्यावर कानशीने घासता येते. दांडा पितळी तारेचा करावा आणि तीच तार मुठीतून आरपार न्यावी, म्हणजे दांड्यालाच खिळीचे काम करता येते.

ओला कुंचला :
रंग काढणे ही सर्वांत पहिली पायरी आहे, कारण रंग काढणारे द्रव आधीचे गोंदाचे सांधेही सोडवतात. पूर्ण धातूच्या पुतळ्याला ॲसिटोन चालते. झाकणाच्या काचेच्या बरणीत तो काही तास बुडवून ठेवावा आणि जुन्या दातघासणीने घासावा. हे काम मोकळ्या हवेत, ज्योतीपासून दूर, हातमोजे घालून करावे. ढाल किंवा तळ प्लॅस्टिकचा असेल तर ते भाग आधी वेगळे करावेत, नाहीतर बरणीत चिखल उरतो. त्यानंतर कोमट पाणी आणि साबण. नव्या कोऱ्या पुतळ्यालाही ही अंघोळ हवी, कारण साच्यातून सहज सुटावा म्हणून वापरलेली पावडर त्याच्या अंगावर असते. धुतल्यावर उघड्या बोटांनी हाताळू नये, तळ एखाद्या बुचावर चिकटवून बूच धरावे.

आपला रंग निघाला, कारण ॲक्रिलिक रंगाला गुळगुळीत धातूवर धरायला जागा नसते. ती जागा अस्तर, म्हणजे प्रायमर, देते. फवाऱ्याचे प्रायमर २० ते ३० सेंटिमीटरवरून, फवारा पुतळ्याच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवत, दोनतीन विरळ थरांत द्यावे. दमट हवेत फवारू नये, पृष्ठभाग खरखरीत होतो आणि तो दोष नंतरच्या प्रत्येक थरातून डोकावतो. फेरफार केलेल्या पुतळ्याला मी आधी करडे अस्तर देतो. धातू, पितळ आणि हिरवी पुट्टी एका रंगाखाली आली की सांध्यातल्या फटी आणि कानशीचे ओरखडे लगेच दिसतात. ते बुजवून पुन्हा अस्तर द्यावे. नंतर हवे असल्यास वरून, प्रकाश पडतो त्या दिशेने, पांढऱ्याचा हलका फवारा मारावा, म्हणजे सावल्या कुठे घ्यायच्या याचा नकाशाच मिळतो.

रंग दुधाइतका पातळ करून दोन थरांत द्यावा. केसाळ झग्यासाठी गडद तपकिरी पाया, त्यावर खाचांत उतरणारा अगदी पातळ काळपट रंगाचा हात आणि वाळल्यावर फिकट रंगाचा जवळजवळ कोरडा कुंचला झुबक्यांना आडवा फिरवावा. चेहऱ्यावर कोरडा कुंचला नको, तिथे पातळ थरांनीच उजळत जावे. महागड्या कुंचल्यांचा अट्टहास नको, पण एक तरी सेबल या प्राण्याच्या केसांचा १ क्रमांकाचा कुंचला असावा. डोळ्यासाठी कुंचल्याचा आकार लहान असण्यापेक्षा त्याचे टोक शाबूत असणे महत्त्वाचे.

पुतळा मुळात धातूचाच आहे, मग कुऱ्हाडीचे पाते उघडेच का ठेवू नये, असा प्रश्न कधीतरी पडतो. हा धातू पोलादासारखा चमकत नाही आणि काळवंडतो, त्यामुळे त्यावरही धातुरंग द्यावाच लागतो, याची गंमत मला अजून वाटते.

शेवटी रोगण. जड पुतळे पेटीत एकमेकांवर आपटतात आणि कडांचा रंग टवका होऊन उडतो. आधी चकचकीत रोगणाचा कठीण थर आणि पूर्ण वाळल्यावर वर निस्तेज रोगण द्यावे. तळाखाली लहान चुंबक बसवून पेटीत पोलादी पत्रा घातला तर पुतळे जागचे हलत नाहीत. पुतळ्याच्या धातूला चुंबक धरत नाही, म्हणून तो तळालाच लावावा लागतो.

नवशिका :
सर्वांचे मनापासून आभार. गेल्या तीन आठवड्यांत कुऱ्हाडवाला सरदार पूर्ण झाला. मनगटाऐवजी बाहीच्या कडेला कापले आणि रंगाच्या ठिपक्याची युक्ती दुसऱ्या प्रयत्नात जमली. पुतळा टेबलावरून एकदा पडलाही, दांडा वाकला पण हात जागेवर राहिला. झग्याचा घाट बसला आहे, केस अजून कोरायचे आहेत. करड्या अस्तराने खांद्यावरची एक फट उघडी पाडली, ती भरून घेतली.

आता डोके बदलण्याचे राहिले. माझ्याकडे २८ मिलिमीटरच्या प्लॅस्टिक संचातले एक शिरस्त्राणधारी डोके आहे, ते या धडावर चालेल का?

बारीक कानस :
आधी पाडापाडी न करता ते चिकणमातीच्या गोळीने मानेवर टेकवून हातभर अंतरावरून पाहावे. पुष्कळ नव्या संचांतली डोकी आणि हात मुद्दाम मोठे घडवलेले असतात आणि जुन्या सडपातळ धडावर ते भोपळ्यासारखे दिसतात. बुटक्यांच्या बाबतीत मात्र हे बरेचसे खपून जाते. पटले तर प्लॅस्टिकचा सिमेंट वापरू नये. तो प्लॅस्टिक विरघळवून जोडतो, धातूला धरत नाही. इथे तुमचा तो झटपट गोंदच योग्य आहे, कारण प्लॅस्टिकचे डोके हलके असते. तरीही मानेत ०.८ मिलिमीटरची खिळी घालावी आणि दाढीखालची फट थोड्या हिरव्या पुट्टीने बुजवून तिच्यावरच दाढीचे चार केस पुढे ओढावेत.