डाव्या पायाचा फटका वरच जातो, सराव कसा घ्यावा?

प्रश्न: मुलगा 12 वर्षांचा, सोलापुरात रोज तासभर एकटाच फुटबॉलचा सराव करतो. जिद्द भरपूर, पण डाव्या पायाचा फटका वरच उडतो. काय चुकतंय?

उत्तर 1: टेकवलेला पाय मागे राहतोय, अंग मागं झुकतंय. उजवा पाय चेंडूच्या शेजारी वीतभर अंतरावर हवा, मारणाऱ्या डाव्या पायाचा घोटा ताठ. भिंतीपासून 5 पावलांवर डाव्या पायाच्या आतल्या बाजूनं 50 पास. आधी चेंडू थांबवून, मग एका स्पर्शात. घाई नको.

उत्तर 2: चेंडू 4 नंबरच्या मापाचाच ना? 5 नंबरचा 13व्या वर्षापासून. मुरमाड मैदानावर गच्च हवेचा चेंडू फार उसळतो, हवा थोडी कमी ठेवा.

उत्तर 3: एप्रिल-मेमध्ये सकाळी 8 च्या आत आटपा हो. टाच दुखली तर लगेच थांबवा, या वयात तिथलं हाड वाढत असतं.