‘अनाथ पॅकेज’ म्हणायचं की ‘पाठराखीण’?

वडगाव: टिळकवाडीत मुलांना लिनक्स शिकवतो. परवा वर्गात केडेनलाइव्ह हा व्हिडिओ जोडायचा प्रोग्रॅम मशीनवरून काढून टाकला, तर ॲप्टनं, म्हणजे पॅकेजं (प्रोग्रॅमचे गठ्ठे) बसवणाऱ्या-काढणाऱ्या अवजारानं, भलीमोठी यादी पुढ्यात टाकली: ही पॅकेजं आपोआप बसवली होती, आता गरज नाही. मी फळ्यावर लिहिलं, ‘अनाथ पॅकेज’. मागच्या बाकावरून एक मुलगी, “सर, यांचे आईबाप गेले की लेकरं?” खडू हातातच राहिला. लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमला लागणारं पॅकेज, आधार द्यायला आलेली. गेलं ते तिच्यावर विसंबलेलं. मग अनाथ कसली? दुसरा शब्द सुचवा.

खानापूर: ही यादी काढून टाकणाऱ्या ऑटोरिमूव्हला सरळ ‘भांगलण’ म्हणा की. भातात नको ते उपटायचं.

वडगाव: तण आपणहून उगवतं. यांना कुणीतरी बरोबर आणलंय.

निपाणी: ‘अनाथ’ नकोच, तो आधीच अडकलाय. डेबियन या लिनक्सच्या प्रकारात ज्या पॅकेजची देखभाल करणाऱ्यानं हात काढून घेतला, ते ‘ऑर्फन’. ते तुमच्या मशीनवर रोज वापरात असेल. आर्च या दुसऱ्या प्रकारात मात्र दुसऱ्यासाठी आलेलं आणि आता कुणालाच न लागणारं, ते ‘ऑर्फन’. दोन्ही अनाथ म्हटलीत तर पोरं चालू पॅकेज उडवतील. माझ्या मते ‘रिकामी काठी’. घेवड्याचा वेल वाळतो, काठी परसात उभीच असते.

यळ्ळूर: काठी छान आहे, पण आली कशी ते त्यात येत नाही. आमच्या आजीच्या तोंडी ‘पाठराखीण’ असायचं. नवरी पहिल्यांदा सासरी निघाली की सोबत जाणारी. ॲप्टची नोंद अगदी तशीच: हे तुम्ही मागितलं, हे आपोआप आलं. मागितली ती नवरी, आपोआप आली ती पाठराखीण. नवरीच घरात नाही, मग हिचं काम काय?

खानापूर: आणि एकाच लायब्ररीवर चार प्रोग्रॅम असले तर? एका पाठराखिणीला चार नवऱ्या?

यळ्ळूर: असू देत की. चौथी जाईपर्यंत तिला कोण हलवत नाही. मी एकदा यादी न वाचताच होकाराचं ‘वाय’ दाबलं. त्यात पीडीएफ जोडायचं एक अवजार होतं, दुसऱ्या कशाबरोबर आलेलं, पण मी रोज वापरायचो. तेही गेलं. आधी ‘ॲप्ट-मार्क मॅन्युअल’ ही आज्ञा दिली असती तर राहिलं असतं. म्हणजे, हिला आता घरचीच समजा.

निपाणी: हे पटलं, काठी मागे घेतो. नुसतं रिमूव्ह केलं तर सिस्टिममधल्या सेटिंगच्या फायली मागे राहतात, त्याला काय म्हणाल? पाठराखीण गेली, पिशवी खुंटीला?

यळ्ळूर: हो, आणि ‘पर्ज’ म्हणजे पिशवीसकट पाठवणी. घरच्या फोल्डरमधल्या तुमच्या स्वतःच्या सेटिंगला मात्र तो हात लावत नाही.

वडगाव: उद्या फळा पुसतो. एकच शंका, अनेकवचनात ‘खी’ की ‘खि’?

यळ्ळूर: मैत्रीण, मैत्रिणी. तसंच पाठराखीण, पाठराखिणी. ऱ्हस्व.