साताऱ्यात सोफा-कार्पेट क्लीनिंगसाठी गाडी: ईको कार्गो घ्यावी की टाटा एस?

गोडोली_नाका

नमस्कार मंडळी. सोफा, कार्पेट, गाद्या धुण्याचं काम आहे, दोन माणसं. आत्तापर्यंत सामान भाड्याच्या टेम्पोतून जातं, आता स्वतःची गाडी घ्यायची आहे. इन्शुरन्स-पासिंग धरून साडेसहा लाखांच्या आसपास बजेट.

सामान: पुझी १०/१ (शॅम्पूचं पाणी फवारून परत ओढणारं मशीन), १७ इंची सिंगल डिस्क (घासायचं मशीन), ६० लिटरचा दोन मोटरचा वेट-ड्राय व्हॅक्यूम, दोन ब्लोअर, पाच लिटरचे सहा कॅन केमिकल, वायरी, पाइप, ब्रश. काम सातारा शहर, कोरेगाव, वाई, आणि सीझनच्या आधी पाचगणी-महाबळेश्वरची हॉटेलं.

प्रश्न असे. मारुतीची ईको कार्गो बरी की टाटा एसवर बंद बॉडी बांधून घ्यावी? सीएनजी घ्यावं का? एक जुनी पाच सीटर ईको स्वस्तात मिळतेय, तिची मागची सीट काढून काम भागेल का? आणि गाडीत २०० लिटरची टाकी बसवली तर पाण्यासाठी गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघावं लागणार नाही, बरोबर ना?

मापात_राहा

गाडीचं नाव नंतर ठरवा, आधी वजन मांडा. सिंगल डिस्क ४५ किलो, व्हॅक्यूम ३०, पुझी ११, दोन ब्लोअर २५, केमिकल ३०, वायर-पाइप-ब्रश २०. झाले १६१. वर दोन माणसांचे १४० धरा. म्हणजे पाण्याचा थेंब न घेता तीनशे किलो. २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो, टाकी आणि स्टँड वेगळे. शोरूमवाला सांगतो त्या आकड्यावर जाऊ नका. आरसीवर रिकाम्या गाडीचं वजन आणि एकूण भारासह वजन, दोन्ही छापलेली असतात. वजाबाकी करा, त्यातून माणसांचं वजन काढा, उरलं ते तुमचं सामान. त्या आकड्याच्या ऐंशी टक्क्यांवर थांबा. घाट रोजचा नसला तरी केळघर किंवा पसरणी उतरताना ब्रेक ड्रम तापतात ते वजनानेच.

यापेक्षा मोठा प्रश्न तुम्ही लिहिलेलाच नाही. कार्पेट जागेवर धुणार की उचलून आणून धुणार? जागेवरच असेल तर ईको कार्गो पुरते, पुढचं वाचायचीही गरज नाही. उचलून आणणार असाल तर लांबी आडवी येते. ९ बाय १२ चं कार्पेट गुंडाळलं की ९ फुटी, म्हणजे २७४३ मिमीची सुरळी होते. ईको बंपरपासून बंपरपर्यंतच ३६७५ मिमी आहे. पुढच्या सीटा आणि त्यांच्याखालचं इंजिन वजा केलं की ९ फूट मागे उरतच नाहीत. एसचा हौदा साधारण २२०० बाय १४९० मिमी. कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकी टाकली तरी २६५० च्या आसपास, म्हणजे तिथेही बसत नाही. टाटाच्याच इंट्रा व्ही३० चा हौदा पावणेनऊ फुटांच्या आसपास आहे, तिथे थोडं तिरकं करून जमतं. पण ती तुमच्या बजेटबाहेर.

सुरळी मधोमध दुमडून कोंबता येते, नाही असं नाही. पण हँडटफ्टेड (कापडात धागे ठोकून केलेल्या) कार्पेटच्या पाठीला लॅटेक्सचा, म्हणजे रबरी चिकाचा थर असतो. जुन्या मालात तो कडक झालेला असतो आणि दुमडला की तडकतो. मग त्या रेषेवर पांढरी पावडर गळायला लागते आणि गिऱ्हाईक म्हणतं तुम्ही धुताना खराब केलं. हातविणीचं, बिनलॅटेक्सचं असेल तर सैल घडी चालते.

पिवळी_पाटी

पाच सीटरचा नाद सोडा. त्याची तीन कारणं आहेत आणि तिन्ही कागदाची आहेत.

आरसीवर पाच सीट आहेत. सीट काढून कायमचा हौदा केला की ते मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली फेरबदलात येतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे इन्शुरन्स. प्रायव्हेट कारच्या पॉलिसीवर 'वापराच्या मर्यादा' असा भाग असतो, तो सहसा कोणी वाचत नाही. त्यात भाड्याने वापर वगळलेला असतो, आणि नमुने-वैयक्तिक सामान सोडून इतर मालवाहतूकही वगळलेली असते. उद्या खंबाटकी घाटात धडक झाली आणि सर्व्हेअरला मागे सिंगल डिस्क आणि कॅन दिसले, तर क्लेम नाकारायला त्याच्या हातात कारण आयतं आहे. तिसरं जीएसटीचं. नोंदणी घेतली असेल तर मालवाहू गाडीवर भरलेल्या कराचं इनपुट क्रेडिट मिळतं (तो कर तुमच्या जीएसटीतून वजा होतो), प्रवासी गाडीवर तुमच्या धंद्यात मिळत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहूवर १८ टक्के आहे, आधी २८ होते. सेवा देणाऱ्याला वीस लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही. पण हॉटेलवाले बिल जीएसटीसकट मागतात, तेव्हा हा विचार गाडी घ्यायच्या आधी सीएला विचारून करा. क्रेडिट घेतलंत तर त्याच कराच्या रकमेवर पुन्हा घसारा लावता येत नाही.

पिवळ्या पाटीला, म्हणजे धंद्याच्या गाडीच्या नंबरप्लेटला लोक उगाच घाबरतात. ३००० किलोपर्यंत एकूण वजनाच्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, कलम ६६ मध्येच सूट आहे. ईको कार्गो आणि एस दोन्ही त्यात बसतात. फिटनेस सर्टिफिकेट मात्र लागतं: गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांनी, त्यापुढे दरवर्षी. लायसन्स साधं एलएमव्ही (हलक्या वाहनाचं) चालतं. ७५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला वेगळ्या ट्रान्सपोर्ट शेऱ्याची गरज नाही, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला स्पष्ट केलंय.

एसवर बंद बॉडी बांधणार असाल तर आरसीवर बॉडीचा प्रकार तसाच नोंदवून घ्या. हौदा 'ओपन' लिहिलेला आणि प्रत्यक्षात कंटेनर, हे फिटनेसला गेल्यावर उघडं पडतं. आणि बॉडीचं वजन तुमच्या भारातूनच जातं, ते 'मापात_राहा' यांच्या वजाबाकीत घाला.

मिरज_जंक्शन

टाकीच्या वजनापलीकडे कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. २०० लिटरची टाकी नको.

पहिली गोष्ट, तुमच्या मशीनला तेवढं पाणी लागतच नाही. पुझी १०/१ चा स्प्रे मिनिटाला एक लिटर आणि स्वच्छ पाण्याची टाकी १० लिटर. ट्रिगर सतत दाबून धरला तरी दहा मिनिटांना एक भरणी. पाच सीटच्या सोफ्याला दोन भरण्या, फार मळका असला तर तीन. एवढं पाणी कुठल्याही घरात मिळतं. दुसरी गोष्ट, अर्धी रिकामी झालेली टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट. शंभर किलो पाणी वळणावर एका बाजूला धावतं, ब्रेक मारला की पुढे आदळतं, आणि आत आडपडदे नसलेल्या ड्रमला ते थांबवायला काहीच नसतं. पसरणीच्या वळणांवर स्टिअरिंगला ते लगेच जाणवतं.

त्याऐवजी २० लिटरचे तीन कॅन ठेवा, काठोकाठ भरलेले नाहीतर पूर्ण रिकामे. त्यात मऊ पाणी भरा, शेवटच्या हातासाठी. बोअरचं जड पाणी शॅम्पूचा जोर मारतं, सुकल्यावर गडद कापडावर पांढरट झाक सोडतं आणि स्प्रेच्या नोझलमध्ये क्षार बसवतं. फवारा पंख्यासारखा न उघडता दोरीसारखा पडायला लागला की क्षार बसले समजा. नोझल काढून सायट्रिक ॲसिडच्या कोमट पाण्यात अर्धा तास ठेवा, सुईने टोकरू नका, भोक मोठं होतं.

घाण पाणी गाडीत घेऊन फिरायचं नाही. जिथे काम तिथेच संडासात ओतायचं, बागेत किंवा रस्त्याच्या गटारात नाही. व्हॅक्यूमची टाकी आणि पाइप रिकामे करून, झाकण उघडं ठेवूनच गाडीत चढवा. बंद गाडीत एक रात्र ओला पाइप राहिला की सकाळी जो वास येतो तो पुढच्या गिऱ्हाइकाच्या सोफ्यालाही लागतो.

आतली मांडणी. सिंगल डिस्क दांडा पाडून, पॅड-होल्डर काढून, पुढच्या सीटांच्या पाठीला चिकटून. सगळ्यात जड वस्तू पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये असली पाहिजे. मागच्या चाकाच्या पलीकडे, दाराशी ४५ किलो टांगले की पुढचा भाग हलका होतो आणि ओल्या रस्त्यावर स्टिअरिंग उशिरा ऐकतं. व्हॅक्यूम डावीकडे, कारण ड्रायव्हर उजवीकडे. केमिकल स्लॉटेड अँगलच्या रॅकवर, खालच्याच खणात, पुढे दोन इंची पट्टी लावून. पेरॉक्साइडचा डाग काढणारा कॅन असेल तर त्याला हवा सुटणारं झाकण हवं. एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीत साधं झाकण फुगतं आणि उडतं.

जमिनीवर १२ मिमीचं मरीन प्लाय आणि वर रबर मॅट. पत्र्याला नवीन भोकं पाडू नका, मूळची बोल्टची ठिकाणं वापरा. प्लायच्या कडा सिलिकॉनने बंद करायचा मोह होतो. त्याने उलट होतं, खाली गेलेलं पाणी अडकून पडतं आणि पत्रा आतून सडतो. प्लाय दोन तुकड्यांत ठेवा, आठवड्यातून एकदा उचलून वारा लागू द्या. सामान बांधायला रॅचेट पट्टे. नायलॉनची दोरी भिजली की सैल पडते.

चढवायला सहा फुटी फळी, दोन्ही टोकांना पत्रा मारलेली. मागचं दार दोन फूट उंचीवर धरलं तर चढ साधारण वीस अंशांचा होतो, दोन माणसांत डिस्क वर जाते. त्याहून आखूड फळी घेतलीत तर कंबर जाईल.

गोडोली_नाका

खूप आभार. टाकी रद्द. लांबीच्या प्रश्नाचं उत्तर: हॉटेलांची कार्पेटं जमिनीला चिकटवलेली, ती जागेवरच. घरगुती मोठी कार्पेटं महिन्याला चार-पाच, ती शेडवर आणून धुतो. मग ईको घेऊन त्या चार-पाचांचं काय करायचं? आणि सीएनजी राहिलंच. शिवाय वीज नसेल तिथे गाडीच्या बॅटरीवर इन्व्हर्टर लावून पुझी चालेल का?

मापात_राहा

चार-पाच कार्पेटांसाठी महिनाभर मोठी गाडी पोसू नका. एक दिवस ठरवा, ९ फुटी हौद्याचा पिकअप भाड्याने सांगा आणि सगळी एकाच फेरीत उचला. तसंच पोचवतानाही. सुकलेलं ९ बाय १२ लोकरीचं ३०-४० किलो असतं. पाणी नीट न ओढता गुंडाळलं तर दुपटीच्या पुढे जातं, दोघांना उचलवत नाही. ओलं कार्पेट सुरळीत बांधून कधीच फिरवू नका. ज्यूटच्या पाठीचा तपकिरी रंग वर चढतो आणि लाल-निळे रंग एकमेकांत उतरतात. पोचवायचं ते पूर्ण सुकवूनच.

इन्व्हर्टरचं विसरा. पुझीचे १२५० वॅट म्हणजे १२ व्होल्टवर शंभराच्या वर अँपिअर. छोट्या गाडीचा अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) तेवढं देत नाही, बॅटरी काही मिनिटांत बसेल. त्यापेक्षा चांगली वायर घ्या: २५ मीटर, तीन कोअर, २.५ स्क्वेअर मिमी, १६ अँपिअरचा टॉप (प्लग). ड्रमवर गुंडाळलेली असेल तर काम सुरू करायच्या आधी पूर्ण उलगडा, गुंडाळलेलीच ठेवली तर आतल्या आत तापून वितळते.

सीएनजी तुमच्या कामाला लवकर सुटत नाही. आकडे धरून बघा. पेट्रोल १०५ रुपये आणि गावात १५ चं ॲव्हरेज, म्हणजे किलोमीटरला ७. सीएनजी ९० आणि २० चं, म्हणजे साडेचार. वाचले अडीच. गाडीच्या किमतीत नव्वद हजारांचा फरक धरला तर ३६ हजार किलोमीटरनंतर बरोबरी. रोज ४० किलोमीटर, महिन्याला २५ दिवस, म्हणजे तीन वर्षं. वर सिलिंडर जागा खातो, त्याचं वजन भारातून जातं आणि दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे सिलिंडरची दाबाची तपासणी.

मिरज_जंक्शन

हा हिशोब फक्त शहराचा झाला राव. मेढ्यामार्गे महाबळेश्वरला गेलं-आलं की शंभर किलोमीटरच्या वर होतात. सीझनच्या आधी आठवड्यात दोन फेऱ्या पडल्या तर बरोबरी बरीच अलीकडे येते. ताकद कमी वाटली तर घाटात बटण दाबून पेट्रोलवर घ्यायची, सोय असतेच. तीन वर्षांपेक्षा जास्त गाडी ठेवणार असाल तर मी सीएनजी घेईन. फक्त एक करा: शोरूमला टेप आणि तुमचा ६० लिटरचा व्हॅक्यूम घेऊन जा आणि सिलिंडर असलेल्या गाडीत तो प्रत्यक्ष ठेवून बघा.

पिवळी_पाटी

सेकंडहँड कार्गो बघायची वेळ आली तर एवढं तपासा. एमपरिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकून गाडीचा वर्ग 'गुड्स' आहे ना, फिटनेस कधी संपतो आणि कर्जाची नोंद आहे का ते बघा. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि कर्जाची नोंद उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे नाहीत, नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. मग रबर मॅट उचलून पत्रा बघा, सरकत्या दाराची खालची पट्टी बोटाने दाबा. दूध किंवा मासळीला वापरलेली असेल तर वास कितीही धुतला तरी जात नाही, ती सोडून द्या. मारुतीच्या ओम्नीचं उत्पादन २०१९ ला बंद झालं. ७९६ सीसीवर तीनशे किलो घेऊन ती पसरणी चढताना दमेल, स्वस्त मिळाली तरी नको.