मदत हवी आहे : पेठेतल्या अरुंद गल्लीत रुग्णवाहिकेपुरती वाट मोकळी कशी ठेवावी?

नमस्कार मंडळी,

पुण्याच्या जुन्या पेठांपैकी एकीत आम्ही राहतो. लक्ष्मी रस्त्यावरून चालत पाच-सात मिनिटं. पेठेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला कुणाला चव्हाट्यावर आणायचं नाही. मला फक्त वाट मोकळी करून हवी आहे.

आमच्या दारासमोर गल्लीची रुंदी साधारण बारा फूट. टेप लावून मोजली आहे. पूर्वी इथे सगळे वाडेच होते. एकेका वाड्यात आठ-दहा बिऱ्हाडं असायची, पण वाहनं म्हणजे सायकली, त्याही रात्री वाड्याच्या चौकात आत घेतल्या जायच्या. आता दोन वाडे सोडले तर सगळीकडे इमारती आहेत, त्यांच्या खालच्या मजल्यांवर अभ्यासिका आणि एक मेस. स्पर्धा परीक्षांची मुलं भल्या पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत येत-जात असतात. दुचाक्या लागतात भिंतीला काटकोनात. एका स्कूटरची लांबी सहा फूट, म्हणजे अर्धी गल्ली तिथेच गेली. समोरच्या बाजूला एखादीच गाडी उभी राहिली तरी पिशवी घेतलेल्या माणसाला अंग चोरून जावं लागतं. गल्लीच्या तोंडाशी पी-१, पी-२ चा, म्हणजे तारखेप्रमाणे बाजू बदलून गाड्या लावण्याचा फलक आहे, पण सम-विषम तारखा पाळून गाड्या एकाच बाजूला लावल्या तरी त्या काटकोनात असतील तर उपयोग शून्य.

आवाजाचाही त्रास आहे. रात्री बारा वाजता रस्त्यात केक कापणं, डिलिव्हरीवाल्यांचे हॉर्न, मेसच्या भांड्यांचा खणखणाट. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे हे मला माहीत आहे. पण ते सगळं मी सहन करीन. गणपतीच्या दहा दिवसांबद्दल तर माझी काहीच तक्रार नाही, त्या दिवसांत आमचं घरही भरलेलं असतं. प्रश्न दाराचा आहे.

माझ्या सासूबाई ऐंशीच्या पुढे आहेत, हृदयाचं दुखणं आहे. गेल्या पावसाळ्यात रात्री त्यांना धाप लागली. १०८ ला फोन केला, गाडी लवकर आली, पण ती गल्लीच्या तोंडाशीच थांबली. मी आणि यजमान दारासमोरच्या गाड्या हलवू लागलो. सगळ्यांचे हॅंडल लॉक. मागचं चाक उचलून एक सरकवली की ती शेजारच्या गाडीवर रेलायची. स्ट्रेचर वळवायलाही जागा नव्हती. शेवटी अभ्यासिकेतली चार मुलं धावत खाली आली. "काकू, तुम्ही बाजूला व्हा," म्हणाली आणि सासूबाईंना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून त्यांनी खांद्याच्या उंचीवरून, गाड्यांच्या आरशांवरून कोपऱ्यापर्यंत नेलं. एकजण पूर्ण वाट त्यांचे पाय धरून होता. सासूबाई वाचल्या. त्यातल्या दोघांच्या गाड्या आमच्याच दारात होत्या. म्हणून मला या मुलांशी भांडायचं नाही. गावाकडून आलेली, एका खोलीत चौघं राहणारी मुलं आहेत ती. गाडी डोक्यावर घेऊन तर फिरणार नाहीत. पण पुढच्या वेळी ती खाली धावून येतीलच असं धरून मी झोपू शकत नाही.

आतापर्यंत केलेलं : महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात लेखी अर्ज दिला, पोच घेतली. तक्रारींच्या ॲपवर तक्रार टाकली, ती "निराकरण झाले" म्हणून बंद झाली, गल्लीत कुणी फिरकलं नाही. चौकीत साहेब नीट बोलले, पण टोइंगचा टेम्पो आमच्या बोळात शिरतच नाही. अभ्यासिकेच्या मालकांचं म्हणणं, "वहिनी, रस्ता सरकारी आहे, मी कुणाला कसा अडवू?"

माझे प्रश्न :

गल्लीचा एखादा तुकडा कायमचा नो पार्किंग करून घ्यायचा असेल तर अर्ज नेमका कुणाकडे करायचा? सोबत काय जोडायचं?

काटकोनात लावण्याऐवजी भिंतीला समांतर, एकाच बाजूला गाड्या लावल्या तर अडीच-तीन फुटांत काम भागतं आणि नऊ फूट उरतात. रुग्णवाहिका आरामात येते. असे पट्टे कुणाच्या गल्लीत आखून मिळाले आहेत का? गाड्या कमी मावतील हे मान्य, उरलेल्यांची सोय कुठे करायची हेही सुचवा.

दीर म्हणतात दारासमोर मोठ्या कुंड्या ठेव. रस्ता माझा नाही, उद्या त्याच कुंड्या अग्निशमनच्या गाडीला आडव्या येतील. मला ते पटत नाही.

"घर विका आणि बाहेर राहायला जा" हा सल्ला कृपया देऊ नका. सासूबाईंचे डॉक्टर, मंडई, देऊळ, त्यांच्या मैत्रिणी, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर आहे. या वयात त्यांना उपटून दुसरीकडे लावणं मला जमणार नाही.

प्रतिसाद १ :

ताई, आमच्या गल्लीत नो पार्किंग झालं आहे. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात नाही, वाहतूक शाखेच्या पोलीस उपायुक्तांच्या नावे करा. आधी प्रायोगिक आदेश निघतो, हरकती-सूचना मागवतात, मग तो कायम होतो. एकटीच्या सहीने देऊ नका, गल्लीतल्या जितक्या घरांच्या सह्या मिळतील तितक्या घ्या. हातानेच नकाशा काढा, प्रत्येक ठिकाणची रुंदी लिहा, दिवसाचे आणि रात्रीचे फोटो जोडा. अग्निशमन केंद्रालाही लेखी विचारा की तुमची गाडी या गल्लीत येऊ शकते का. त्यांचं उत्तर कागदावर आलं की अर्जाला वजन येतं. ॲपवरची तक्रार कुणी, कोणत्या पाहणीवर बंद केली ते माहिती अधिकारात मागा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. कुंड्यांबद्दल तुमचं बरोबर आहे, ते अतिक्रमणच ठरतं.

प्रतिसाद २ :

काकू, मी पेठेतल्या अभ्यासिकेत तीन वर्षं काढली आहेत. फलक कुणी वाचत नाही, पण अभ्यासिकेचा नियम सगळे पाळतात, कारण जागा गेली तर दुसरी मिळत नाही. मालकांना रस्ता अडवायला सांगू नका, प्रवेशाच्या अर्जात एक ओळ घालायला सांगा. आमच्याकडे दारालगतच्या गाड्यांना हॅंडल लॉक करायचं नाही आणि किल्ली काउंटरवरच्या खिळ्याला लावायची असा नियम होता. कधीही कुणीही गाडी हलवू शकायचं. दिवसभर बसणाऱ्या मुलांनी गाडी मंडईजवळच्या वाहनतळावर लावायची, पैसे वर्गणी काढून. ज्यांनी आजींना उचलून नेलं त्यांच्याशीच आधी बोला, ती बाकीच्यांना तयार करतील.

धागाकर्ती :

दोघांचेही मनापासून आभार. किल्लीची कल्पना तर उद्याच मालकांपुढे मांडते, त्याला ना परवानगी लागते ना खर्च. सह्यांचं कामही रविवारी सुरू करते, त्या दिवशी माणसं घरी सापडतात. एक अडचण राहते : वळणावरची दोन घरं बंद आहेत, मालक परदेशात. त्यांच्या भिंतीलगत सगळ्यात जास्त गाड्या लागतात. त्यांची संमती घ्यावी लागते का, की रस्ता सार्वजनिक असल्यामुळे गरज नाही? आणि वाहतूक शाखेला दिलेल्या अर्जाचा नमुना कुणाकडे असेल तर नावं खोडून इथे टाकाल का?