सायकलवाल्यांनी टॅक्स भरावा, नाहीतर रस्ता सोडावा?

कोथरूडकर_सायकलवाला

"सायकलवाल्यांनी रोड टॅक्स भरावा, नाहीतर फूटपाथवरून जावं." ही पोस्ट आठवडाभर सगळीकडे फिरते आहे. रविवारी सकाळी पुण्यात चांदणी चौकातून पिरंगुटकडे जाताना लिहिणाऱ्याला सायकलींच्या एका ग्रुपमागे काही मिनिटं रखडावं लागलं. त्यावरून त्याने थेट रस्त्याची मालकीच ठरवून टाकली. खाली "अगदी मनातलं बोललात" म्हणणाऱ्यांची रांग लागली आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

गाडी घेताना आपण भरतो तो राज्याचा मोटार वाहन कर. पेट्रोल कारला किमतीप्रमाणे ११ ते १३ टक्के. पण कर्वे रोड, पौड रोड आणि आपल्या गल्ल्या महापालिका बांधते. तिचा पैसा मिळकतकरातून येतो, जीएसटीच्या अनुदानातून येतो, बांधकाम शुल्कातून येतो. तो मीही भरतो, आणि सायकलवरून धुण्याभांड्याला जाणाऱ्या मावशीही भाड्यातून आणि किराण्यातून भरतात. टॅक्स हाच निकष असेल तर इलेक्ट्रिक गाड्यांना हा कर वर्षानुवर्षं माफ आहे. त्यांनाही फूटपाथवर पाठवणार का?

"सायकल ट्रॅक दिलेत, तिथून जा" हे दुसरं. २००६ मध्ये बीआरटी, म्हणजे बससाठी वेगळी लेन, आली तेव्हा सातारा रोडला, सोलापूर रोडला ट्रॅक झाले. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेने शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. आता त्या ट्रॅकवर जाऊन बघा. चारचाकी उभी असते, वडापावची गाडी असते, मध्येच विजेचा डीपी येतो, आणि पुढे ट्रॅक एक फूट उंच कठड्यावर संपतो. ज्यांनी ट्रॅक अडवलाय तेच विचारतात, रस्त्यावर कशाला येता.

फेब्रुवारी २०२४ मध्ये इंटेलचे माजी भारतप्रमुख अवतार सैनी नेरुळला पहाटे सायकल चालवत होते. मागून टॅक्सीने उडवलं, गेले. पाच मिनिटं उशीर झाला म्हणून आपण चिडतो, तेव्हा समोरचा काय पणाला लावून रस्त्यावर उतरलाय याचा विचार करा.

पिरंगुट_टेम्पो

साहेब, ती पोस्ट माझी नाही, पण माझी असती तरी मी मागे घेतली नसती. मी रोज पहाटे माल घेऊन मार्केटयार्डला येतो. भूगाव-भुकूमचा रस्ता केवढा आहे ते तुम्हाला माहीत आहे. रविवारी वीस-पंचवीस जण दोन-दोनच्या रांगेत, गप्पा मारत. हॉर्न दिला की हात दाखवतात. घाटात चढावर टेम्पो लोड असताना एकदा गिअर पडला की परत उचलत नाही. मार्केटला उशिरा पोचलं की भाव पडतो, तो तोटा माझा. तुमची रविवारची हौस, माझं रोजचं पोट.

सहकारनगर_वर्षा

दादा, राग समजतो. पण वीस जण एकामागे एक चालले तर ती रांग दुप्पट लांब होते आणि ओव्हरटेक करताना तुम्ही दुप्पट वेळ उलट्या बाजूला राहता. दोन-दोन असतील तर झटक्यात पार होता. शिवाय आम्ही अगदी कडेला गेलो की मागचा माणूस समोरून बस येत असतानाही घुसवतो. मला पाषाण रोडला असंच एका कारच्या आरशाने खाली पाडलं. कारवाला थांबलासुद्धा नाही. मनगटात अजून प्लेट आहे.

पिरंगुट_टेम्पो

ताई, तुमच्या हाताचं वाईट वाटलं, खरंच. पण पार व्हायला समोरचा रस्ता मोकळा तर पाहिजे. घाटात तो कुठे मिळतो?

पेठेतला_जुना

आमच्या वेळी सायकलवाल्याला शिस्त होती, कारण त्याला धाक होता. सायकलला दरवर्षी बिल्ला लागायचा. डबलसीट दिसला की पोलीस उतरवायचा. दिवा नसेल तर चाकातली हवा सोडायचा आणि घरापर्यंत सायकल ढकलत न्यावी लागायची. खडकीचे कारखाने सुटले की अख्खा रस्ता सायकलींचा, तरी प्रत्येकाला डायनामो नाहीतर रॉकेलचा कंदील असायचाच. १९७२ मध्ये लुना मोपेड आली आणि हळूहळू सगळं गेलं. आता दहा-दहा हजारांची हेल्मेटं दिसतात, पण सिग्नलला एक पाय टेकवून थांबायला कोणी तयार नाही. आधी नियम पाळा, मग हक्क सांगा.

कोथरूडकर_सायकलवाला

काका, सिग्नल तोडणाऱ्या सायकलवाल्याची बाजू मी कधीच घेणार नाही. पण सिग्नल तोडून तो स्वतःचा जीव घालवतो, कारवाला दुसऱ्याचा घालवतो. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतले १९.५ टक्के पायी चालणारे होते. त्यांतल्या बहुतेकांना सायकलींनी नाही मारलं.

पिरंगुट_टेम्पो

काकांनी दिव्याचं बरं काढलं. पुढे पांढरा, मागे लाल, आणि दोन्ही सारखे लुकलुकतात. वीस सायकली म्हणजे वीस लुकलुकणारे दिवे. अंधारात अंतरच कळत नाही.

कोथरूडकर_सायकलवाला

आणि तुमचं? सगळा रस्ता अप्पर, म्हणजे वरचा झोत, लावून येतो. एलईडी बार, फॉग, काय काय लावलेलं असतं. डिपर देणं, म्हणजे झोत खाली घेणं, लोक विसरले. मला समोरचा खड्डा दिसत नाही, कारण तुमच्यातल्या कोणाच्या तरी दिव्याने डोळे दिपलेले असतात.

पिरंगुट_टेम्पो

माझ्या टेम्पोला कंपनीचेच बल्ब आहेत. न बघता बोलू नका.

पेठेतला_जुना

दिव्यांचा मुद्दा सायकलीपेक्षा मोठा आहे. माझी दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली आहेत. संध्याकाळी सातनंतर मी गाडी बाहेर काढत नाही, रस्ता ओलांडतानाही कोणाचा तरी हात धरतो. प्रकाश सुयांसारखा टोचतो. म्हाताऱ्यांनी अंधार पडल्यावर घरातच बसायचं का?

वायरिंगवाला_चिंचवड

मी हेच काम करतो, म्हणून सांगतो. रिफ्लेक्टर हॅलोजनच्या तारेसाठी बनवलेला असतो. तार एका ठरावीक जागी असते, म्हणून प्रकाश कापून खाली पडतो. त्यात एलईडी बल्ब बसवला की उजेडाची जागा हलते आणि प्रकाश वर फुटतो. डिपरवर ठेवला तरी समोरच्याच्या डोळ्यात जातो. गिऱ्हाईक भिंतीवर उजेड बघून खूश होतं. मी समजावतो, तर पुढच्या दुकानात जाऊन बसवून घेतात. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाक्यांचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो. आठवतंय ना, तेव्हा दिवसा सगळे "लाईट चालूये" म्हणून हात करायचे? तो दिवा कोणाला त्रास देत नाही, कारण तो नीट बसवलेला आहे. दोष बाहेरून बसवलेल्या मालाचा आहे. त्याची विक्री थांबत नाही तोवर चौकात पावत्या फाडून काही होणार नाही.

श्टुटगार्टहून_समीर

सायकलच्या दिव्याबद्दल टेम्पोवाल्या दादांच्या बाजूने बोलतो. जर्मनीत सायकलला लुकलुकणारा दिवा चालत नाही, स्थिरच हवा, आणि पुढचा दिवा समोरच्याला दिपवणार नाही असा बसवलेला हवा. निळ्या गोल पाटीचा ट्रॅक असेल तर सायकलने ट्रॅकवरूनच जायचं. पण गाड्यांनाही बंधन आहे. २०२० पासून सायकलला ओलांडताना गावात दीड मीटर आणि गावाबाहेर दोन मीटर अंतर सोडावं लागतं.

पेठेतला_जुना

दोन मीटर? आमच्या लक्ष्मी रोडला दोन मीटर सोडले तर तुमची गाडी दुकानात जाईल. उठसूट बाहेरचे दाखले देऊ नका. तिथे बसून सांगणं सोपं आहे.

श्टुटगार्टहून_समीर

काका, माझे आईवडील सदाशिव पेठेतच राहतात. बाबा रोज सायकलवरून दूध आणायला जातात आणि ते परत येईपर्यंत आई गॅलरीत उभी असते. मला बोलायचा अधिकार नाही असं म्हणू नका.

पेठेतला_जुना

बरं. तो शब्द मागे. अंतराबद्दल मात्र माझं मत तेच आहे.

जालन्याची_बाई

तुम्ही सगळे पुण्याचे घाट आणि हेल्मेटं धरून बसला आहात. मी जालना जिल्ह्यात शाळेत शिकवते. आमच्या आठवी ते बारावीच्या मुलींना सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून सायकली मिळाल्या. त्या सायकलीमुळे शाळा सुटली नाही अशा किती तरी मुली माझ्या वर्गात आहेत. त्यांना ना लुकलुकणारा दिवा, ना स्थिर. हिवाळ्यात शाळा सुटून घरी पोचेपर्यंत अंधार पडतो, आणि नेमका तेव्हाच उसाचा हंगाम. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. ट्रॉली रस्त्यात पंक्चर होऊन उभी राहिली की मागे दोन दगड ठेवतात, आणि ती निघून गेल्यावर दगड तिथेच राहतात. माझी एक विद्यार्थिनी त्या दगडावर पडली. पाय मोडला, वर्ष गेलं, आणि पुढच्या जूनमध्ये वडिलांनी तिला शाळेत पाठवलंच नाही. ती टॅक्स भरत नव्हती म्हणून तिचा रस्ता नव्हता का?

सहकारनगर_वर्षा

बाई, दिव्यांवर एवढं बोलून आम्ही ज्यांच्याकडे दिवाच नाही त्यांना विसरलो होतो.

पिरंगुट_टेम्पो

बाईंसमोर बोलायला तोंड नाही, पण माझं म्हणणं अर्धवट सोडत नाही. सायकलवाल्यांनी चार-चार, पाच-पाचचे गट करा आणि दोन गटांत एक टेम्पो शिरेल एवढी जागा ठेवा. मग दोन-दोन चाला, माझी हरकत नाही. दिवा स्थिर ठेवा. मी डिपर देईन, आणि समोरून कोणी आलं तर मागे थांबेन.

कोथरूडकर_सायकलवाला

गटांचं मान्य. आमच्या ग्रुपवर आजच टाकतो. पुढचा दिवा स्थिर, तेही मान्य. मागचा लाल मात्र दिवसा लुकलुकताच ठेवणार, कारण लोक मोबाइलमधून डोकं वर काढतात ते त्यामुळेच. आणि टॅक्सबद्दल मी लिहिलंय त्यातला एक शब्दही बदलणार नाही.

पिरंगुट_टेम्पो

दिवसा लावा. टॅक्सचं मला अजून पटलेलं नाही, ते राहू द्या.

वायरिंगवाला_चिंचवड

बाई, ट्रॉलीला मागून लाल चमकणारी पट्टी लावायला फार खर्च येत नाही. बॅटरी नको, वायर नको. मागून येणाऱ्या गाडीच्या उजेडात ट्रॉली लांबूनच दिसते.

जालन्याची_बाई

पट्ट्या वाटल्या जातात हो. फोटो येतात, आठवड्यात चिखलाने झाकून जातात. लावून कोण घेणार आणि पुसून कोण घेणार?

पिरंगुट_टेम्पो

कारखाना. मी तीन-चार हंगाम ऊस वाहिलाय, म्हणून सांगतो. प्रत्येक ट्रॉली गेटवर वजनकाट्याला थांबतेच. "पट्टी दिसत नाही तर काटा नाही" एवढं कारखान्याने सांगितलं, तर ट्रॅक्टरवाला स्वतः फडकं घेऊन खाली उतरेल. काटा झाला नाही तर त्याचा पैसा निघत नाही. पोलीस लागत नाही, आरटीओ लागत नाही. गाळप सुरू व्हायच्या आधी चेअरमनला गाठा, आणि जाताना त्या मुलीच्या वडिलांना बरोबर न्या.