शब्दचर्चा : इंजिनाची ‘विश्वासार्हता’ की ‘भरवसा’?

(बोलणाऱ्यांच्या नावांऐवजी त्यांच्या वस्त्यांची नावं दिली आहेत.)

मंगळवार पेठ

आम्ही सात-आठ जण रविवारी एकत्र बसून फॉर्म्युला वनच्या मोटार शर्यती बघतो. इंग्रजी समालोचन सगळ्यांनाच झेपत नाही, म्हणून शर्यतीआधी मी ग्रुपवर मराठीत पानभर लिहून टाकतो. या वेळी विषय इंजिनांचा घेतलाय आणि दोन शब्दांपाशी अडलोय. ‘रिलायबिलिटी’ला ‘विश्वासार्हता’ लिहिलं, तर मित्र म्हणाला, हे पतसंस्थेबद्दल वाटतंय. ‘अपग्रेड’ला ‘सुधारणा’ लिहिलं, पण तेही बसेना. तुम्ही कोणते शब्द वापराल?

राजारामपुरी

विश्वासार्हता चूक नाही, पण साक्षीदार विश्वासार्ह असतो, बातमी विश्वासार्ह असते. जे काही सांगतं, त्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हा तिथं प्रश्न असतो. इंजिन काही सांगत नाही. ते चालतं किंवा बंद पडतं. अशा गोष्टींसाठी आपण रोज ‘भरवसा’ म्हणतो. पावसाचा भरवसा नाही, या गाडीचा भरवसा नाही. विशेषणंही दोन्ही बाजूंची तयार आहेत, भरवशाचं आणि बेभरवशाचं. ‘टिकाऊ’ मात्र यात मिसळू नका. कोल्हापुरी चप्पल टिकाऊ असते, म्हणजे पुष्कळ दिवस जाते. भरवसा म्हणजे ऐन वेळी दगा न देणं.

उद्यमनगर

ताईंचं पटलं. माझी चाळीस वर्षं इंजिनं खोलण्यात आणि बांधण्यात गेली, त्यातला एक शब्द देतो.

पूर्वी दसऱ्याच्या सुमाराला आमच्याकडं गुऱ्हाळाची डिझेल इंजिनं कामाला यायची. बोअर करायचं, रिंगा बदलायच्या, व्हॉल्व्ह बसवायचे. इंजिन न्यायला आलेला शेतकरी हॉर्सपॉवर कधी विचारायचा नाही. एकच विचारायचा, “हंगाम काढंल न्हवं?” कारण घाणा थांबला की तोडलेला ऊस वाळत पडतो, काढलेला रस आंबतो आणि गुळव्या हात बांधून बसतो. ‘हंगाम काढणं’ यात टिकाऊपणाही आला आणि भरवसाही.

वडील लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाच्या अंगाला टेकवायचे आणि मूठ कानाला लावून डोळे मिटायचे. मग इंजिन बंद करून तळातलं ऑइल दोन बोटांत चोळायचे. बोटाला कचकच लागली की म्हणायचे, हे हंगाम काढणार नाही, खोला. फॉर्म्युला वनमध्येही ऑइलचे नमुने ट्रॅकवरच तपासतात. कुठल्या धातूचे कण किती आलेत, यावरून आत काय झिजतंय ते कळतं. तिथं यंत्र लावतात, वडील बोटं लावायचे.

मंगळवार पेठ

काका, ‘हंगाम काढणं’ तर नेमकं सापडलं! तिथला सगळा डाव हंगाम काढण्याचाच आहे. 2014 मध्ये 1.6 लिटरची व्ही-6 टर्बो हायब्रिड इंजिनं आली, तेव्हा एका ड्रायव्हरला वर्षाला 5 मिळायची. 2018 मध्ये ती 3 वर आली, 2023 मध्ये 4 झाली. 2024 मध्ये शर्यती होत्या 24, म्हणजे एका इंजिनानं सरासरी सहा शर्यती काढायच्या. त्यावर पहिलं जादा इंजिन घेतलं की सुरुवातीच्या रांगेत 10 जागा मागं, त्यानंतरच्या प्रत्येकाला 5.

म्हणून कधी कधी संघ हिशेब करून शिक्षा अंगावर घेतात. 2021 मध्ये ब्राझीलला मर्सिडीजचा ड्रायव्हर लुईस हॅमिल्टन यानं हंगामातलं पाचवं इंजिन बसवलं आणि 5 जागांची शिक्षा घेतली. त्यातच पात्रता फेरीतूनही तो बाद ठरला, कारण मागच्या पंखाची फट मापात बसली नव्हती. शनिवारच्या छोट्या शर्यतीत शेवटून निघून तो पाचवा आला, म्हणून मुख्य शर्यत दहाव्या जागेवरून सुरू केली आणि जिंकली. ताजं इंजिन मोकळेपणानं पळवता येतं, जुनं जपून.

पण भरवसा सुटला की काय होतं, ते 2016 मध्ये मलेशियात बघितलं. हॅमिल्टन पहिला होता आणि शर्यत हातात आली असताना मागून, इंजिनातून, आग निघाली. त्या वर्षीचं विजेतेपद त्याच्याच संघातल्या निको रोसबर्गकडं अवघ्या 5 गुणांनी गेलं. शर्यत जिंकली की 25 गुण मिळतात, हे लक्षात घ्या. आणि त्या वेळी मर्सिडीजचंच इंजिन सगळ्यांत भरवशाचं मानलं जायचं.

राजारामपुरी

भरवशाच्या म्हशीला टोणगा! ही म्हण तुमच्या पानात घ्याच. त्यात ‘भरवसा’ त्याच अर्थानं आलाय.

मंगळवार पेठ

घेतो, ताई. आता ‘अपग्रेड’. इथं शब्द चुकला तर नियमच चुकीचा कळेल. 2022 च्या हंगामात इंजिनांचा विकास गोठवला, तो 2025 संपेपर्यंत. ताकद वाढवणारा बदल करायचा नव्हता. पण भरवशासाठी, सुरक्षिततेसाठी किंवा खर्च कमी करण्यासाठी बदल हवा असेल, तर एफआयएची, म्हणजे या शर्यतींचे नियम ठरवणाऱ्या संस्थेची, मंजुरी घेऊन करता यायचा. ‘सुधारणा’ लिहिलं तर दोन्ही त्यात येतं. बंद काय होतं आणि चालू काय होतं, हे वाचणाऱ्याला कळतच नाही.

राजारामपुरी

खरं आहे. पीक सुधारतं, अक्षर सुधारतं, तब्येत सुधारते. वाईटाचं बरं होणं आणि बऱ्याचं उत्तम होणं, दोन्हीला आपण सुधारणा म्हणतो. मग भरवशासाठीच्या बदलाला ‘दुरुस्ती’ म्हणूया का?

उद्यमनगर

दुरुस्ती मोडल्यावर होते, ताई. इथं मोडलेलं सांधायचं नाही, जे परत परत मोडतं त्याचं कारण काढायचंय. कारखान्यात आम्ही म्हणतो, या इंजिनाला ही खोड आहे. एखादं दर वेळी तिसऱ्या सिलिंडरलाच गरम होतं, एखादं त्याच जागी गॅस्केट फोडतं. त्यामुळं एकाला ‘ताकद वाढवणं’ म्हणा आणि दुसऱ्याला ‘खोड काढणं’.

पण हे दोन एकमेकांपासून लांब नाहीत. ज्याची खोड निघाली, ते इंजिन जोरात पळवायची भीती राहत नाही. गुऱ्हाळाच्या इंजिनाचं बेअरिंग पक्कं केलं की शेतकरी दोन मोळ्या जास्त घालणारच. मी काही ताकद वाढवलेली नसते, पण काम जास्त होतं.

मंगळवार पेठ

फेरारी संघाचं 2022 चं गणित हेच होतं, काका! एकदा विकास गोठला की मागनं ताकद आणता येणार नव्हती, भरवसा मात्र आणता येणार होता. मग आधी ताकद घ्यायची आणि खोडी नंतर काढायच्या. मला तो हिशेब आजही बरोबर वाटतो. पण त्याची किंमत त्यांचा ड्रायव्हर शार्ल लेक्लेर यानं मोजली. बार्सिलोनात पहिला असताना टर्बो आणि एमजीयू-एच (टर्बोपासून वीज बनवणारा भाग) गेलं, बाकूमध्ये पहिला असताना इंजिन गेलं. लगेच पुढच्या शर्यतीत, कॅनडात, नवे भाग घेतल्यामुळं एकोणिसाव्या जागेवरून निघावं लागलं. तिथून पाचवा आला, पण ते दोन विजय गेले ते गेलेच.

आता असं लिहितोय: ‘2025 पर्यंत इंजिन गोठवलं होतं म्हणजे ताकद वाढवायला बंदी होती, खोड काढायला मुभा होती. भरवसा मिळाला तरच चार इंजिनांत हंगाम निघायचा.’

राजारामपुरी

‘इंजिन गोठवलं होतं’ नको, थंडीत डिझेल गोठल्यासारखं वाटतं. ‘इंजिनाची रचना गोठवली होती’ करा. बाकी छान.

मंगळवार पेठ

केलं. एकच राहिलं. झिजत आलेलं इंजिन टाकून देत नाहीत. शुक्रवारच्या सरावाला तेच बसवतात आणि चांगलं शनिवार-रविवारसाठी जपतात. त्याला काय म्हणू? ‘जुनं इंजिन’ म्हटलं तर भंगारात निघाल्यासारखं वाटतं.

उद्यमनगर

थकलेला बैल नांगराला जुंपत नाहीत, पण दावणीलाही बांधून ठेवत नाहीत. वैरण आणायच्या गाडीला चालतो. ‘हलक्या कामाचं इंजिन’ लिही.